विश्लेषण : पोलंडच्या माणसाला ‘पोलॅक’ का म्हणू नये?

समजा, पुण्याचा एक तरुण वॉर्सातल्या आयटी कंपनीत नोकरीला लागला आहे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी फोनवर आपल्या भाषेत बोलताना स्वतःचा उल्लेख ‘पोलाक’ असा करतो, हे त्याच्या कानावर पडते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आपला हा तरुण मोठ्या आपुलकीने इंग्रजी वाक्यात तोच शब्द ‘पोलॅक’ असा वापरतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. शब्द जवळपास तोच, अर्थही तोच. मग बिघडले कुठे? पोलंडच्या लोकांसाठी इंग्रजीत असलेल्या नावांची गोष्ट भाषेपासून सुरू होते आणि खाणकामगारांच्या वस्त्या, टीव्हीवरचे विनोद, हिटलरच्या छळछावण्या असे करत थेट कोल्हापूरपर्यंत येते.

इंग्रजीत योग्य शब्द कोणता?

इंग्रजीत पोलंडच्या नागरिकाला ‘पोल’ म्हणतात. हे नाम आहे. ‘पोलिश’ हे विशेषण असून भाषेचे नावही तेच आहे. दोन्ही शब्द प्रमाण आणि निरुपद्रवी आहेत. भारतीयांची इथे एक चूक हमखास होते. मराठीत ‘तो पोलिश आहे’ म्हणतो, तसे इंग्रजीतही म्हणता येते. पण त्यामागे ‘अ’ हे उपपद लावले की वाक्य चुकते. ‘अ पोल’ बरोबर, ‘अ पोलिश’ चूक. लिहिताना पहिले अक्षर मोठे काढायचे राहिले, तर पोलिश माणसाचे बुटाचे पॉलिश होते. या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पॉलिश लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आहे.

तिसरा शब्द ‘पोलॅक’. आज अमेरिकी इंग्रजीत तो अपमानकारक मानला जातो आणि शब्दकोश तशी सूचनाही देतात. मात्र खुद्द पोलिश भाषेत पुरुषाला ‘पोलाक’ आणि स्त्रीला ‘पोल्का’ म्हणतात. त्यात कमीपणा तर नाहीच, उलट अभिमान आहे. म्हणजे लोकांनी स्वतःला दिलेले नाव परक्या भाषेत गेल्यावर शिवी झाले.

ही नावे आली कुठून?

दहाव्या शतकात आजच्या ग्न्येझ्नो आणि पोझ्नान या शहरांच्या परिसरात ‘पोलान्ये’ नावाची स्लाव्ह टोळी राहत होती. ‘पोले’ म्हणजे शेत, मोकळे रान. त्यावरून हे शेतकऱ्यांचे, माळरानावरचे लोक, असा या नावाचा अर्थ सहसा लावला जातो. त्यांचा शासक मिएश्को याने सन ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथून पोलंडच्या लिखित इतिहासाला सुरुवात होते, असे मानतात. जर्मनमार्गे हे नाव इंग्रजीत आले आणि ‘पोल’ झाले.

सगळ्या शेजाऱ्यांनी मात्र हे नाव उचलले नाही. हंगेरियन भाषेत पोलंडच्या माणसाला ‘लेंग्येल’ म्हणतात, लिथुआनियनमध्ये ‘लेंकस’, तर फारसीत पोलंड देश आहे ‘लहेस्तान’. ही नावे वेगळ्या मुळावरून आली आहेत. पोलिश लोकांनीही शेजाऱ्यांची नावे ठेवताना हात आखडता घेतलेला नाही. जर्मनांना ते ‘न्येम्त्सी’ म्हणतात. या शब्दाचे नाते ‘मुका’ या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो मुका, असा हिशेब. आपल्याकडच्या ‘म्लेच्छ’ शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलण्याचाच अर्थ आहे. परक्याला नाव ठेवणे आणि परक्याला नावे ठेवणे यांत फार अंतर नसते, ते असे.

‘पोलॅक’ची शिवी कधी झाली?

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्यात विखार नव्हता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पोलंडच्या लोकांसाठी तो सरळपणे येतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमधल्या प्रेक्षकाला त्यात खटकण्यासारखे काही वाटले नसणार. तेव्हाचे पोलंड हे लिथुआनियाशी जोडलेले मोठे राज्य होते. बलाढ्य राज्याच्या लोकांचे नाव कोणी सहसा तिरकसपणे घेत नाही.

पुढे परिस्थिती पालटली. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. १७९५ ते १९१८ अशी तब्बल १२३ वर्षे हा देश नकाशावर नव्हता. या काळात नाव हीच पोलिश लोकांकडे उरलेली मालमत्ता होती. मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी यांनी १८९८ मध्ये पती पिएर यांच्यासह शोधलेल्या मूलद्रव्याला ‘पोलोनियम’ नाव दिले, ते याच काळात. नकाशावर नसलेल्या मायभूमीचे नाव त्यांनी मूलद्रव्यांच्या कोष्टकात कोरले.

याच दशकांत लाखो पोलिश शेतकरी अमेरिकेला निघाले. देशच नसल्याने कागदोपत्री ते अनेकदा रशियन, जर्मन किंवा ऑस्ट्रियन ठरत. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणी, शिकागोचे कत्तलखाने, पोलादाचे कारखाने अशा ठिकाणी सर्वांत जोखमीची आणि कमी मजुरीची कामे त्यांच्या वाट्याला आली. इंग्रजी येत नव्हते, धर्म कॅथलिक, नावे उच्चारायला कठीण. स्थानिक मुकादम आणि आधी आलेले स्थलांतरित यांच्या तोंडी ‘पोलॅक’ हा शब्द या माणसांसाठी रुळला आणि त्याला अडाणी, दांडगट, स्वस्त मजूर असा वास चिकटला.

त्याची किंमत काय होती, हे १८९७ च्या सप्टेंबरमध्ये दिसले. पेनसिल्व्हेनियातील लॅटिमर येथे संप करून निघालेल्या निःशस्त्र खाणकामगारांच्या मोर्चावर शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. १९ जण ठार झाले. त्यांत पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन असे पूर्व युरोपीय कामगार होते. खटला उभा राहिला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. पुढे १९२४ च्या अमेरिकी कायद्याने देशवार कोटा असा बेतला, की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळपास बंद व्हावी. कामगारांच्या वस्तीत ऐकू येणारा तुच्छतेचा सूर आता कायद्याच्या भाषेत उमटला होता.

टीव्ही आणि नाटकांनी काय केले?

टेनेसी विल्यम्स यांच्या १९४७ मधील ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकात या शब्दावरून थेट खटका उडतो. जुन्या जमीनदार घराण्यातली ब्लांश आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, स्टॅनली कोवाल्स्कीला, ‘पोलॅक’ म्हणत राहते. शेवटी तो तिला सुनावतो, की पोलंडच्या लोकांना ‘पोल’ म्हणतात आणि आपण तर पूर्ण अमेरिकी आहोत. स्टॅनली हा सद्गुणाचा पुतळा नाही, तो हिंसक आहे. तरीही त्या क्षणी भाषेच्या बाबतीत तोच बरोबर असतो.

साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकेत ‘पोलिश जोक’चे पीक आले. आपल्याकडे सरदारजींवरचे विनोद जसे बिनदिक्कत सांगितले जात, तसाच प्रकार: माणूस पोलिश म्हणजे तो मूर्ख, एवढेच भांडवल. १९७१ पासून गाजलेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेतला आर्ची बंकर आपल्या पोलिश वंशाच्या जावयाला हा शब्द उठताबसता वापरतो. मालिकेचा रोख आर्चीच्या कोतेपणावर होता. पण सगळ्याच प्रेक्षकांना तो कळला, असे म्हणता येत नाही. त्याआधी १९६८ च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाचे उमेदवार स्पायरो ॲग्न्यू यांनी शिकागोत, म्हणजे पोलिश वस्तीच्या बालेकिल्ल्यातच, हा शब्द सहज उच्चारला आणि टीका ओढवून घेतली. गर्दीत आपण माणसांची जातकुळी पाहत नाही, हे सांगण्याच्या ओघात त्यांनी तो उच्चारला होता! शिवी देण्याचा हेतू नसतानाही शिवी लागते, याचा हा नमुना.

१९७८ मध्ये क्राकोचे कार्डिनल कारोल वोय्तिवा पोप जॉन पॉल दुसरे झाले. १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीतून लेख वावेन्सा यांच्या नेतृत्वाखाली ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली आणि तिने कम्युनिस्ट सत्तेला आव्हान दिले. जगाला पोलिश माणसाचा दुसरा चेहरा दिसू लागला, तसे ते विनोदही शिळे होत गेले.

सगळ्याच भाषांत हा शब्द शिवी आहे का?

नाही, आणि इथेच गोष्ट रंजक होते. स्वीडिशमध्ये ‘पोलाक’ हा नेहमीचा, साधा शब्द आहे. इटालियन ‘पोलाको’ही तसाच. जर्मनमध्ये मात्र ‘पोले’ हा सभ्य शब्द आणि ‘पोलाके’ ही शिवी. स्पॅनिशमधली तऱ्हा आणखी वेगळी: ‘पोलाको’ म्हणजे पोलंडचा माणूस, यात काही वावगे नाही, पण स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या लोकांना हिणवायचे असेल तर त्यांनाच ‘पोलाको’ म्हणतात. कॅटलान लोकांनी ते असे परतवले, की त्यांच्या टीव्हीवर २००६ पासून सुरू झालेल्या राजकीय विडंबनाच्या कार्यक्रमाचे नावच ‘पोलोनिया’, म्हणजे पोलंड, ठेवले.

जर्मनीत तर एक अक्षरसुद्धा पुरले. मार्च १९४० मध्ये नाझी राजवटीने जर्मनीत राबवल्या जाणाऱ्या पोलिश मजुरांना कपड्यांवर ‘पी’ अक्षराचा बिल्ला लावण्याची सक्ती केली. पिवळ्या चौकटीत जांभळे अक्षर. जर्मनीतल्या ज्यूंवर पिवळ्या ताऱ्याची सक्ती झाली ती त्यानंतर, सप्टेंबर १९४१ मध्ये. त्या बिल्ल्यावर शिवी नव्हती, फक्त नावाचे आद्याक्षर होते.

मग ‘पोलिश’ या साध्या विशेषणावरून वाद का?

२९ मे २०१२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी यान कार्स्की यांना मरणोत्तर ‘मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान दिला. नाझींच्या ज्यू संहाराची बातमी जिवावर उदार होऊन दोस्त राष्ट्रांपर्यंत पोहोचवणारे हे पोलिश प्रतिकारक. त्याच भाषणात ओबामा नाझी मृत्युछावणीचा उल्लेख ‘पोलिश मृत्युछावणी’ असा करून बसले. पोलंडमध्ये संतापाची लाट उसळली आणि ओबामा यांनी पोलंडच्या अध्यक्षांना पत्र लिहून खेद व्यक्त केला.

मुद्दा बारीक आहे, पण किरकोळ नाही. ऑशविट्झ, ट्रेब्लिंका या छावण्या जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडच्या भूमीवर होत्या. त्या उभारल्या आणि चालवल्या नाझी जर्मनीने. ‘पोलिश’ या विशेषणातून ‘पोलंडमध्ये असलेली’ आणि ‘पोलंडची’ असे दोन्ही अर्थ निघतात, आणि इतिहास न शिकलेला वाचक दुसराच अर्थ घेण्याची शक्यता अधिक. त्या युद्धात पोलंडने सुमारे ६० लाख नागरिक गमावले. त्यातले जवळपास निम्मे ज्यू होते. ज्या देशावर ही वेळ आली, त्याच्याच नावावर मारेकऱ्याचे खाते चढवायचे, हे कोणाला सहन होईल? पोलंडच्या आग्रहावरून युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक वारसा यादीतील ऑशविट्झचे नाव बदलले आणि त्यात ‘जर्मन नाझी’ हे शब्द घातले.

तथापि, नावाचा आग्रह आणि इतिहासावर पहारा यांत फरक आहे. २०१८ च्या सुरुवातीला पोलंडने कायदा केला: नाझी गुन्ह्यांसाठी पोलिश राष्ट्राला जबाबदार धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. इस्रायल, अमेरिका आणि अनेक इतिहासकारांनी त्याला विरोध केला. कारण युद्धकाळात पोलिश लोकांनी ज्यूंना वाचवल्याच्या कहाण्या जशा खऱ्या, तशी १९४१ मधील येद्वाब्ने गावची घटनाही खरी. तिथे शेकडो ज्यूंना त्यांच्या पोलिश शेजाऱ्यांनीच मारले होते आणि २००१ मध्ये पोलंडच्या अध्यक्षांनी त्याबद्दल माफीही मागितली होती. अखेर जून २०१८ मध्ये तुरुंगवासाची तरतूद काढावी लागली. चुकीचे विशेषण दुरुस्त करून घेण्याचा हक्क पोलंडला नक्कीच आहे. त्या दुरुस्तीआड नको असलेले पान झाकण्याचा नाही.

ब्रिटनमधला अनुभव काय सांगतो?

२००४ मध्ये पोलंड युरोपीय महासंघात आला आणि लाखो पोलिश कामगार ब्रिटनमध्ये गेले. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिश ही मुख्य भाषा असलेले सुमारे ६ लाख १२ हजार लोक होते. इंग्रजी (आणि वेल्समध्ये वेल्श) वगळता हा आकडा सर्वाधिक. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ‘पोलिश प्लंबर’ नावाचा बागुलबुवा उभा राहिला. २००५ मधील युरोपीय राज्यघटनेच्या सार्वमतात, स्वस्तात काम करून आपली पोटे मारणारा परका, असे त्याचे चित्र रंगवले गेले. पोलंडच्या पर्यटन खात्याने त्यावर चिडचीड केली नाही. हातात पाइप घेतलेल्या देखण्या तरुणाचे पोस्टर काढले: मी काही पोलंड सोडत नाही, तुम्हीच या! टोमणा परतवावा तर असा.

ब्रिटनमध्ये प्रकरण इतके हसण्यावारी गेले नाही. जून २०१६ मध्ये ब्रेग्झिटचा कौल आला आणि त्यानंतर लगेच केंब्रिजशायरमधल्या हंटिंग्डन गावात पोलिश लोकांना कीड म्हणणारी कार्डे टाकली गेली. लंडनमधल्या हॅमरस्मिथ येथील पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर द्वेषाचा मजकूर खरडला गेला. हे त्या देशात, जिथे १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये पोलिश वैमानिकांच्या ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पराक्रम गाजवला होता. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की त्या कार्डांवर ‘पोलॅक’ हा शब्द नव्हता. विशेषण अगदी व्याकरणशुद्ध होते. म्हणजे निषिद्ध शब्दांची यादी पाठ केल्याने माणूस सभ्य होत नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

१९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलले. १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यातल्या काहींची सुटका झाली आणि १९४२ मध्ये ते इराणमार्गे बाहेर पडले. तिथल्या लोकांसाठी ते ‘लहेस्तानी’ होते. पुढे त्यातले काही भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आसरा दिला. आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. वळिवड्यात वाढलेली मुले म्हातारी झाल्यावरही कोल्हापूरला येत राहिली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, तर वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याला भेट दिली.

आता गंमत पाहा. वळिवड्याच्या वसाहतीला ‘पोलिश कॅम्प’ म्हटले तर ते अचूक आहे. तो पोलिश लोकांनी वसवलेला, त्यांना आसरा देणारा कॅम्प होता. हेच दोन शब्द ऑशविट्झला लावले की तो धडधडीत अन्याय होतो. शब्द तेच; एका ठिकाणी त्यांत कृतज्ञता आहे, दुसऱ्या ठिकाणी आळ.

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहू लागली आणि तिथे आजचे गांधीनगर उभे राहिले. फाळणीनंतर आलेल्या अनेकांना ‘निर्वासित’, ‘शरणार्थी’ ही बिरुदे टोचत. आपण कष्टाने उभे राहिलो, आपल्याला ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे ते सांगत. एकाच जागेवर दोन समाजांनी नावाचे ओझे वाहिले.

मराठी माणसालाही हा अनुभव नवा नाही. ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा माणूस, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मुंबईत गिरणीत आणि गोदीत राबायला आलेल्या मराठी कामगारासाठी इतरांच्या तोंडी तो हेटाळणीचा शब्द झाला. ब्रिटनमध्ये ‘पाकी’ हा नुसता संक्षेप. पण तो ओरडत मारायला धावणाऱ्यांनी समोरचा लाहोरचा आहे की लातूरचा, हे कधी विचारले नाही. ‘पोलॅक’चा प्रवास आपल्याला कळायला परदेशी जावे लागत नाही, तो यामुळेच.

मग मराठीत काय लिहावे?

इंग्रजीतले ‘पोल’ मराठीत जसेच्या तसे आणले तर फजिती ठरलेली. आपल्याकडे पोल विजेचा असतो, एक्झिट पोल असतो आणि पोल उघडीही पडते. त्यामुळे ‘पोलिश नागरिक’, ‘पोलिश माणूस’ किंवा ‘पोलंडचे लोक’ हेच बरे. नाझी छावण्यांबद्दल लिहिताना ‘जर्मनव्याप्त पोलंडमधील नाझी छावणी’ असे लिहावे. दोन शब्द जास्त खर्च होतील, पण आळ टळेल. इंग्रजीचे भाषांतर करणाऱ्या आपल्या वृत्तकक्षांनी तर हे भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

आणि पुण्याच्या त्या तरुणाने काय करावे? सहकाऱ्याची माफी मागावी आणि तुम्हाला काय म्हटलेले आवडेल, हे सरळ विचारावे. पोलिश शिकून, पोलिश वाक्यात तो कधी ‘पोलाक’ म्हणालाच, तर कोणी रागावणार नाही. आपल्या घरात आपण एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारतो, हा आपला प्रश्न असतो. पाहुण्याने ती हाक उचलण्याआधी उंबऱ्यावर क्षणभर थांबावे, एवढीच अपेक्षा असते. ‘घाटी’ हा शब्द ज्याने कधी ऐकून घेतला आहे, त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागू नये.